ऑनलाइन व्हिडिओसाठी वर्गणी भरावी का, आणि भरली तर ती कोणापर्यंत पोहोचते?

आडवाटेचा प्रेक्षक

ऑनलाइन व्हिडिओसाठी प्रेक्षकाने वर्गणी भरावी का, ही चर्चा निघाली की ती लगेच दोन ठरलेल्या टोकांना जाते. कष्टाचे मोल दिलेच पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. इंटरनेटचे पैसे आधीच भरलेले असताना आणि वर जाहिरातीही सोसत असताना आणखी काही मागणे हा निव्वळ लोभ आहे, असे दुसरा म्हणतो. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, कारण वर्गणी हा एकच व्यवहार आहे असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात या नावाखाली निरनिराळे व्यवहार चालू आहेत, त्यांतला पैसा निरनिराळ्या वाटांनी जातो, आणि ती वाट पाहिल्याशिवाय भरावी की भरू नये याचे उत्तर देता येत नाही.

सर्वांत परिचित प्रकार संग्रहाचा आहे. डीव्हीडी टपालाने पाठवण्याच्या व्यवसायाला नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंगची जोड दिली, आणि ठरावीक मासिक रकमेत हवे तेवढे पाहण्याची पद्धत हळूहळू जगभर रुजली. यात आपले पैसे एका सामायिक निधीत जमा होतात आणि त्या निधीतून कंपनी पुढच्या कलाकृती करवून घेते. अशा कलाकृतीच्या निर्मात्याला बहुधा निर्मितीचा खर्च आणि त्यावर ठरलेला नफा मिळतो, हक्क कंपनीकडे जातात, आणि पुढे ती मालिका मूठभरांनी पाहिली काय किंवा कोट्यवधींनी पाहिली काय, त्या रकमेत फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ मध्ये २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवसांचा संप केला, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक होते. संपानंतरच्या करारात, पहिल्या ९० दिवसांत त्या सेवेच्या देशांतर्गत सदस्यांपैकी किमान २० टक्क्यांएवढा प्रेक्षकवर्ग लाभलेल्या मोठ्या खर्चाच्या कलाकृतींसाठी लेखकांना बोनस देण्याचे ठरले. माझे पाहणे आणि लेखकाची मिळकत यांचा संबंध जोडण्यासाठी जवळजवळ पाच महिने काम बंद ठेवावे लागले, आणि तोही संबंध फार गाजलेल्या कलाकृतींपुरताच जुळला.

जाहिराती टाळण्यासाठी भरलेली वर्गणी वेगळी. यूट्यूबने २०१५ मध्ये 'रेड' या नावाने अशी सोय सुरू केली आणि २०१८ मध्ये तिचे नाव 'प्रीमियम' झाले. येथे वर्गणीचा काही भाग, सदस्यांनी कोणाचे व्हिडिओ किती वेळ पाहिले त्या प्रमाणात निर्मात्यांमध्ये वाटला जातो. वाट लांबची असली तरी माझ्या पाहण्याचा माग त्यात शिल्लक राहतो. थेट निर्मात्याला पैसे देणे हा आणखी निराळा प्रकार, म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेले पेट्रिऑन हे संकेतस्थळ किंवा यूट्यूबनेच २०१८ मध्ये आणलेली चॅनलची सदस्यता. तेथे व्हिडिओ पुष्कळदा सर्वांसाठी खुलाच असतो आणि तरीही काही लोक आपण होऊन पैसे देतात.

माझे मत असे आहे की ज्या वर्गणीतला पैसा निर्मात्यापर्यंत जाताना दिसतो ती प्रेक्षकाने जमेल तेवढी आणि नियमित भरावी. ज्या वर्गणीत तो दिसत नाही, ती भरायला हरकत नाही, परंतु गरजेपुरती भरावी आणि पाहून झाले की बंद करावी. संग्रहाच्या वर्गणीला नैतिक कर्तव्याचे वजन देऊ नये. तो साधा खरेदीचा व्यवहार आहे आणि त्यात ग्राहकाने चोखंदळच असावे.

इतरांची मते वाचायला आवडतील.

शंकासुर

धागालेखकांची मांडणी व्यवस्थित आहे, परंतु तिच्या मुळाशी असलेली अपेक्षाच मला मान्य नाही. कापड घेताना आपण विणकराला किती मजुरी मिळाली हे विचारत नाही, मग व्हिडिओ पाहताना पैशाचा माग काढण्याची जबाबदारी प्रेक्षकावर का टाकायची? निर्माता आणि कंपनी यांनी आपसात काय ठरवावे हा त्यांचा प्रश्न आहे. मी पैसे दिले, मला काय मिळाले, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि त्या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी वाईट होत चालले आहे. पैसे भरा म्हणजे जाहिराती दिसणार नाहीत, हे या सेवांचे मुख्य आकर्षण होते. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचे सुमारे दोन लाख सदस्य घटले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या कंपनीने जाहिरातींसह मिळणारी स्वस्त योजना आणली. ती ऐच्छिक तरी होती. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत आधीपासून पैसे भरणाऱ्या सदस्यांनाच जाहिराती दाखवायला सुरुवात केली, आणि त्या नको असतील तर वर वेगळी रक्कम मागितली. पासवर्ड वाटून घेण्यातच प्रेम आहे, अशा अर्थाचे विधान नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये समाजमाध्यमावर जाहीरपणे केले होते. २०२३ मध्ये त्याच कंपनीने घराबाहेरच्या व्यक्तीसाठी जादा शुल्क लावले. अटी एकतर्फी बदलता येतात, आणि त्या बदलल्या की ग्राहकाने निमूटपणे भरायचे किंवा निघून जायचे, असा हा करार आहे.

शिवाय जे पाहण्यासाठी पैसे भरले ते तेथे राहीलच याची हमी नाही. २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने आणि २०२३ मध्ये डिझ्नी प्लसने स्वतःच करवून घेतलेल्या अनेक कलाकृती संग्रहातून काढून टाकल्या. हिशेबाच्या वहीत तोटा दाखवणे आणि पुढची देणी टाळणे सोयीचे होते, म्हणून त्या गेल्या. त्यांतल्या काहींच्या डिस्कही कधी निघालेल्या नव्हत्या. मग जाहिरातींवर चालणारा मोफत व्हिडिओ अधिक प्रामाणिक नाही का? तो निदान कसलेही वचन देत नाही.

पडद्यामागून

मी माहितीपर व्हिडिओंचे संकलन करते आणि दोन लहान चॅनलांच्या निर्मितीत माझा सहभाग असतो, त्यामुळे माझे म्हणणे तटस्थ समजू नये. परंतु 'मोफत व्हिडिओ अधिक प्रामाणिक' हे विधान आमच्या बाजूने पाहिले तर टिकत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या व्हिडिओचा खरा ग्राहक जाहिरातदार असतो, आणि त्याची आवडनिवड व्हिडिओच्या प्रत्येक मिनिटात उतरते.

एक अगदी साधे उदाहरण देते. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायची असेल तर पूर्वी त्याची लांबी किमान १० मिनिटे असावी लागे. सात मिनिटांत संपणारा विषय दहा मिनिटांच्या थोडा पुढे ओढलेला आपण असंख्य वेळा पाहिला असेल. जुलै २०२० मध्ये ही मर्यादा ८ मिनिटांवर आली आणि ओढाताण आठ मिनिटांच्या आसपास सुरू झाली. विषयाला किती वेळ लागतो हे विषय ठरवत नाही, जाहिरातीची जागा ठरवते. संकलकाच्या खुर्चीत बसून हे करताना काय वाटते ते सांगत बसत नाही.

दुसरे, विषयांची निवड. २०१७ मध्ये आक्षेपार्ह व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसल्या म्हणून अनेक मोठ्या जाहिरातदारांनी यूट्यूबवरून पाय काढता घेतला. त्यानंतर जाहिरातीस अयोग्य व्हिडिओ ओळखणारी स्वयंचलित छाननी कडक झाली आणि तिच्या तावडीत युद्ध, आजार, लैंगिक शिक्षण, आत्महत्या अशा विषयांवर जबाबदारीने बोलणारे लोकही सापडले. व्हिडिओ काढून टाकला जात नाही, त्याची मिळकत तेवढी बंद होते. एखाद्या व्हिडिओवर महिनाभर काम करणाऱ्या माणसासाठी त्याचा अर्थ, पुढच्या वेळी हा विषय घेऊ नका, असाच होतो.

नेहमीच्या लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. शॉर्ट्स म्हणजे यूट्यूबवरील अगदी छोट्या व्हिडिओंच्या बाबतीत निर्मात्यांच्या वाट्याला आलेल्या निधीतून ४५ टक्के मिळतात. हे प्रमाण वाईट नाही. अडचण प्रमाणाची नसून त्या रकमेच्या चंचलतेची आहे. जाहिरातीचे दर ऋतूप्रमाणे चढतात आणि पडतात, वर्षअखेरीस वाढतात आणि जानेवारीत कोसळतात, प्रेक्षक कोणत्या देशातला आहे त्यावर कित्येक पटींनी बदलतात. अशा उत्पन्नावर संकलकाला, ध्वनिमुद्रकाला, संशोधन करणाऱ्याला दरमहा मानधन कबूल करता येत नाही. आम्ही ज्या चॅनलांसाठी काम करतो तेथे नियमित पैसे देणारे सदस्य एकूण प्रेक्षकांच्या तुलनेत अगदी थोडे आहेत, तरीही आमचे मानधन त्यांच्या वर्गणीतून निघते, कारण पुढच्या महिन्यात साधारण किती येणार हे आधी कळते. त्यांच्यामुळे व्हिडिओ उरलेल्या सर्वांसाठी खुला राहतो, ही गोष्ट मोफतवाद्यांनी ध्यानात घ्यावी.

शंकासुर यांच्या विणकराच्या दाखल्याबद्दल एवढेच म्हणते की कापड एकदा विणून झाले की त्या विणकराशी आपला संबंध संपतो. मासिक वर्गणी भरणारा माणूस अजून न झालेल्या कामासाठी आगाऊ पैसे देत असतो, आणि आगाऊ पैसे देणाऱ्याने ते कोणाच्या हातात पडतात हे विचारणे मुळीच जास्तीचे नाही.

हिशेबी

येथे नैतिकतेवर बरेच लिहून झाले आहे, म्हणून मी व्यवहाराबद्दल लिहितो.

संग्रहाची वर्गणी कंपन्यांना इतकी का आवडते याचे उत्तर अर्थशास्त्रात बरेच आधी मिळालेले आहे. यानिस बाकोस आणि एरिक ब्रिन्योल्फसन यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की ज्या वस्तूची आणखी एक प्रत काढायला जवळजवळ खर्च येत नाही, अशा पुष्कळ वस्तूंचा एकत्र गठ्ठा करून विकणे हे त्या सुट्या विकण्यापेक्षा विक्रेत्याला बहुधा अधिक फायद्याचे ठरते. कोणाला माहितीपट हवे असतात, कोणाला विनोदी मालिका हव्या असतात, प्रत्येक कलाकृतीची किंमत प्रत्येकाच्या मनात वेगळी असते. पण पूर्ण गठ्ठ्याची किंमत बहुतेकांच्या मनात एकमेकांच्या जवळ येते, आणि मग एकच दर सर्वांना लावता येतो. यात प्रेक्षकाचाही लाभ आहे, कारण सुटी किंमत देऊन जे त्याने कधीच पाहिले नसते ते तो पाहतो.

मात्र हा लाभ प्रत्यक्षात पाहणाऱ्याला मिळतो. न पाहता भरत राहणाऱ्याचे काय? स्टेफानो देलाविन्या आणि उलरीके माल्मेंडियर यांनी व्यायामशाळांच्या सदस्यत्वाचा अभ्यास करून २००६ मध्ये असे प्रसिद्ध केले की मासिक शुल्क भरणाऱ्यांना दर भेटीमागे पडलेली रक्कम, प्रत्येक वेळी सुटे पैसे देऊन आले असते तर पडली असती त्यापेक्षा जास्त होती. आपण नियमित जाऊ, ही माणसाची स्वतःबद्दलची आशा असते आणि ती आशाच विकली जाते. अलीकडे लिरान एइनाव, बेंजामिन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी कार्डांच्या व्यवहारांची माहिती तपासली. कार्ड बदलून नवे येते तेव्हा वर्गणीसाठी ते पुन्हा नोंदवावे लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास वर्गणी सोडणाऱ्यांची संख्या उसळते असे त्यांना आढळले. म्हणजे त्या लोकांना सेवा आधीपासूनच नको होती, फक्त बंद करण्याची आठवण राहिली नव्हती.

म्हणून धागालेखकांच्या 'पाहून झाले की बंद करावी' या सल्ल्यात मी एक दुरुस्ती सुचवतो. पाहून झाल्यावर बंद करायची आठवण कोणालाच राहत नाही. वर्गणी सुरू केली त्याच दिवशी तिचे आपोआप होणारे नूतनीकरण रद्द करावे. बहुतेक मोठ्या सेवांमध्ये असे केले तरी भरलेला महिना पूर्ण पाहता येतो, आणि महिना संपल्यावर पुन्हा भरायची की नाही हा निर्णय जाणीवपूर्वक घेता येतो. फुकट चाचणीच्या काळात मात्र आधी अट वाचावी, कारण काही ठिकाणी रद्द करताच चाचणीही तत्काळ संपते.

कंपन्यांना या विसरभोळेपणाची किंमत चांगली ठाऊक आहे. नाहीतर वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला पाच पाने, अशी रचना झाली नसती. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे ठळक बटण ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. अमेरिकेत ग्राहकांना प्राइम सदस्यत्वात नकळत ओढल्याच्या आणि बाहेर पडणे अवघड केल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ॲमेझॉनवर २०२३ मध्ये दावा लावला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली.

नित्यनेम

हे सर्व पैसे भरू शकणाऱ्यांचे झाले. ज्यांच्याकडे कार्डच नाही, किंवा ज्यांना कोणत्याही नव्या मासिक खर्चाचा विचार करणे शक्य नाही, त्यांचे काय करायचे? मनोरंजनाचे एक वेळ सोडून देऊ, पण शिकण्यासाठी व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गणित, शेती, संगणक, भाषा, रोगांची माहिती या गोष्टी पैशाच्या दाराआड गेल्या तर इंटरनेटने जे दिले तेच काढून घेतल्यासारखे होईल. खान अकॅडमी २००८ पासून ना-नफा संस्था म्हणून देणग्यांवर चालते आणि तिचे धडे सर्वांना मोफत आहेत. एकाने पाहिल्यामुळे दुसऱ्यासाठी तो धडा कमी होत नाही. अशा वस्तूचा खर्च समाजाने मिळून उचलावा आणि वापर खुला ठेवावा, असे मला वाटते.

तळटीप

नित्यनेम यांच्याशी तत्त्वतः सहमत आहे. पण समाजाने मिळून खर्च उचलण्याच्या पद्धतीही विनाअडचणीच्या नाहीत, हे नोंदवून ठेवतो. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीचे परवाना शुल्क घेतले जाते आणि बीबीसी मुख्यतः त्यावर चालते. बीबीसीचे कार्यक्रम आयप्लेयरवर ऑनलाइन पाहायचे असले तरीही २०१६ पासून तो परवाना लागतो. त्यामुळे जाहिरातदाराचा दाब नाही आणि महिन्यागणिक सदस्य टिकवण्याची धावपळही नाही, परंतु शुल्क किती असावे हे सरकार ठरवते, आणि ज्याच्या हाती दर त्याचा दाब येतोच.

ग्रंथालयांचा मार्ग मला व्यक्तिशः अधिक आवडतो. कॅनोपी या सेवेवर सहभागी ग्रंथालयांच्या आणि विद्यापीठांच्या सदस्यांना चित्रपट व माहितीपट मोफत पाहता येतात आणि पैसे ग्रंथालय भरते. येथेही एक गंमतीदार पेच आहे. ग्रंथालयाला वाचकांच्या पाहण्याप्रमाणे शुल्क पडत असेल, तर सेवा जितकी लोकप्रिय होईल तितका ग्रंथालयाचा खिसा रिकामा होतो. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने खर्च परवडत नाही म्हणून २०१९ मध्ये कॅनोपी सोडली. पुस्तक एकदा घेतले की कितीही जणांनी वाचावे, ही ग्रंथालयांची रीत ऑनलाइन व्हिडिओला अजून पूर्णपणे लागू झालेली नाही, आणि हक्कधारकांनी मनावर घेतल्याशिवाय ती होणारही नाही.

शब्दपट्टी

चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही, म्हणून लिहिते. मला ऐकू कमी येते. व्हिडिओ मोफत आहे की सशुल्क आहे यापेक्षा त्याला नीट उपशीर्षके आहेत की नाहीत, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न असतो, आणि पैशाचा परिणाम तेथे लख्ख दिसतो.

नेटफ्लिक्सवर अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने दावा लावला होता. २०१२ च्या तडजोडीत कंपनीने २०१४ पर्यंत आपल्या अमेरिकेतील सर्व स्ट्रीमिंग व्हिडिओंना उपशीर्षके देण्याचे मान्य केले. वर्गणी घेणाऱ्या कंपनीला असे बांधून घेता येते, कारण ग्राहक म्हणून तिच्याकडे हक्काने मागता येते. यूट्यूबवर याउलट घडले. तेथे प्रेक्षकांनी स्वेच्छेने उपशीर्षके लिहून देण्याची सोय होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये बंद करण्यात आली. वापर कमी आणि गैरवापर फार, असे कारण देण्यात आले. विरोध बराच झाला, पण मोफत सेवा वापरणाऱ्यांच्या विरोधाला वजन किती असणार? त्यानंतर ज्या निर्मात्यांना परवडते ते पैसे देऊन उपशीर्षके करवून घेतात आणि उरलेल्या ठिकाणी यंत्राने केलेल्या अंदाजांवर भागवावे लागते. ती यंत्रे सुधारली आहेत हे खरे, परंतु विशेषनामे आली, दोन माणसे एकदम बोलू लागली किंवा उच्चार जरा निराळे असले की अर्थाची पार वाट लागते.

मी ज्या दोन चॅनलांना दरमहा पैसे देते, ते दोन्ही माणसाकडून उपशीर्षके करवून घेतात. मी तसे लिहून मागितले होते, आणि सदस्यांच्या वर्गणीतून ते सुरू झाले. पैसे दिल्यामुळे बोलण्याचा अधिकार मिळतो, निदान लहान ठिकाणी तरी मिळतो, असा माझा अनुभव आहे.

शंकासुर

शब्दपट्टी यांचा प्रतिसाद मोलाचा आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र थेट निर्मात्याला पैसे देण्याचे येथे फारच कौतुक चालले आहे. एका चॅनलला मीही दरमहा पैसे देत होतो. नंतर कित्येक महिने तेथे एकही व्हिडिओ आला नाही, एका ओळीचाही खुलासा आला नाही, आणि वर्गणी मात्र वेळेवर कापली जात राहिली. मोठ्या कंपनीत निदान रोज काहीतरी नवे येते. एकट्या माणसावर पैसे लावणे म्हणजे त्याच्या प्रकृतीवर, मूडवर आणि सद्सद्विवेकावर पैसे लावणे आहे.

शिवाय असा आश्रय मिळतो कोणाला? ज्याला आधीच मोठा प्रेक्षकवर्ग आहे त्याला. नव्या माणसाला तो मिळवण्यासाठी पुन्हा जाहिरातींच्या आणि अल्गोरिदमच्या दारातच उभे राहावे लागते.

पडद्यामागून

दुसरा मुद्दा खरा आहे आणि त्यावर माझ्या माहितीत सोपा उपाय नाही. थेट वर्गणीतून ओळखीच्या माणसाचे काम टिकते. नव्या माणसाची ओळख होणे तेवढ्याने साधत नाही. त्यासाठी खुला, मोफत व्हिडिओ लागतोच. सर्वच निर्माते पैशाच्या दाराआड गेले तर पाच वर्षांनी नवे कोणी उरणार नाही, हे आम्हीही आपसात बोलत असतो.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र सांगते. काम थांबले की सदस्यांकडून वसुली थांबवण्याची सोय पेट्रिऑनवर निर्मात्याला उपलब्ध आहे. ती न वापरणे हा त्या माणसाचा बेजबाबदारपणा झाला. पैसे देण्यापूर्वी निर्मात्याने आधी अशा खंडांच्या वेळी काय केले होते, हे त्याच्या जुन्या नोंदींमध्ये सहज दिसते.

हिशेबी

थेट पैसे देणाऱ्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. तुम्ही वर्गणी फोनवरच्या ॲपमधून भरता की ब्राउझरमधून, याने निर्मात्याच्या हाती पडणाऱ्या रकमेत मोठा फरक पडू शकतो. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून घेतलेल्या वर्गणीवर पहिल्या वर्षी साधारणपणे ३० टक्के आणि पुढे १५ टक्के कमिशन कापले जाते. वर्गणीसाठी हा कमी दर २०१६ मध्ये आला. नेटफ्लिक्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही २०१८ च्या अखेरीस आयफोनच्या ॲपमधून नव्या सदस्यांचे पैसे घेणे बंद केले, ते याच कमिशनमुळे. काही ठिकाणी हा भार निर्मात्याऐवजी तुमच्यावर टाकलेला असतो आणि तीच वर्गणी ॲपमध्ये महाग दिसते. पैसे ब्राउझरमधून भरावेत आणि व्हिडिओ ॲपमध्ये खुशाल पाहावेत.

वाचनमात्र

मी बहुधा फक्त वाचतो, पण आज विचारतो. एवढी चर्चा वाचून निर्णय करणे अधिकच कठीण झाले आहे. महिन्याला एकाच वर्गणीपुरते पैसे बाजूला काढता येत असतील तर काय करावे? आणि निर्मात्यांनीच मिळून चालवलेल्या संग्रहांचे काय? त्यांचा उल्लेख कोणीच केला नाही.

आडवाटेचा प्रेक्षक

वाचनमात्र यांच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. २०१९ मध्ये सुरू झालेले नेब्युला हे अशा संग्रहाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मुख्यतः यूट्यूबवर माहितीपर व्हिडिओ करणाऱ्यांनी मिळून ते उभे केले आणि मालकीतही त्यांचा वाटा ठेवला. विनोदाच्या क्षेत्रात ड्रॉपआउट आहे. मूळ कंपनीने हात आखडता घेतल्यावर, २०२० मध्ये तेथेच काम करणाऱ्या सॅम राइक यांनी तो व्यवसाय विकत घेतला आणि सदस्यांच्या वर्गणीवर तो पुन्हा उभा केला. दोन्ही सेवा आकाराने लहान आहेत आणि दोन्हींकडे एक ठरावीक, जाणता प्रेक्षकवर्ग आहे. याच्या उलट क्विबी पाहा. पावणेदोन अब्ज डॉलरचे भांडवल जमवून एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली ती सेवा त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बंद पडली. सीएनएन प्लस तर २०२२ मध्ये महिनाभरच चालली. प्रेक्षक वर्गणी भरायला तयार नाहीत असा निष्कर्ष त्यावरून काढणारे काढोत, मला त्यात एवढेच दिसते की आधी जिव्हाळा नसताना निव्वळ नव्या संग्रहासाठी लोक पैसे भरत नाहीत, मग त्यामागे भांडवल कितीही असो.

शंकासुर यांनी अटी एकतर्फी बदलण्याबद्दल जे लिहिले ते मला पूर्णपणे पटते, आणि म्हणूनच संग्रहाच्या वर्गणीवर निष्ठा ठेवू नये असे मी म्हणतो. जी कंपनी माझ्याशी निष्ठेने बांधलेली नाही तिला मी बारा महिने का बांधून घ्यावे? वार्षिक योजना स्वस्त पडते असे हिशेब करून दाखवले जातात, पण त्या वर्षात अट बदलली किंवा ज्यासाठी पैसे भरले तीच मालिका गेली तर अडकलेले आपणच असतो. हिशेबी यांची दुरुस्ती मी आजपासून अमलात आणतो.

आता पहिला प्रश्न. एकाच वर्गणीपुरते पैसे असतील, तर गेल्या महिन्यात आपण प्रत्यक्षात काय पाहिले याचा इतिहास उघडून पाहावा. ही नोंद जवळजवळ प्रत्येक सेवेत मिळते आणि ती आपल्या समजुतीपेक्षा बरीच वेगळी असते. पाहण्याचा बहुतांश वेळ दोन-तीन ठरावीक चॅनलांवर गेला असेल, तर पैसे त्यांतल्या सर्वांत लहान चॅनलाला थेट द्यावेत, कारण मोठ्याला आपल्या वर्गणीने फरक पडत नाही आणि लहानाला पडतो. वेळ पुष्कळ निरनिराळ्या चॅनलांवर विखुरला असेल, तर जाहिराती काढणारी वर्गणी बरी, कारण ती पाहिलेल्या वेळाप्रमाणे आपोआप वाटली जाते. आणि बहुतेक वेळ मालिका-चित्रपटांत गेला असेल तर एका महिन्यासाठी एकच संग्रह घ्यावा, ठरवलेले पाहावे आणि पुढच्या महिन्यात दुसरा घ्यावा. त्याआधी आपल्या ग्रंथालयाकडून यांपैकी काही मिळते का, हे विचारून घ्यावे.

शब्दपट्टी यांना एक विनंती आहे. चॅनलांना उपशीर्षकांसाठी आपण जे पत्र लिहिले होते, त्याचा साधारण मजकूर येथे देता येईल का? मी ज्यांना पैसे देतो त्यांतल्या एकाकडेही माणसाने केलेली उपशीर्षके नाहीत, आणि आजवर मी ती मागितलेलीही नाहीत.

शब्दपट्टी

जरूर. पत्र फार लांब नव्हते. मी सदस्य आहे, मला ऐकू कमी येते, तुमच्या अमुक व्हिडिओत यंत्राने केलेल्या उपशीर्षकांमुळे अमुक वाक्याचा अर्थ कसा उलटा झाला ते सोबत दाखवत आहे, असे लिहिले होते आणि पडद्याची दोन चित्रे जोडली होती. शेवटी विचारले होते की सर्व व्हिडिओंना जमत नसेल तर निदान महिन्यातल्या एका व्हिडिओपासून सुरुवात करता येईल का. पुढे त्यांनीच खर्चाचा अंदाज काढून सदस्यांपुढे ठेवला. पूर्ण मजकूर उद्यापर्यंत शोधून येथे देते.